मांजरांना दूध पाजण्याचा ठराव

ठराव माझ्याच अक्षरातला होता, हे आधी सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको, की बाईंनी सगळं शेठजींवर ढकललं. ‘बाजारातील व मिरचीच्या पथाऱ्यांवरील समस्त मांजरे पांजरपोळात आणून त्यांस दुग्धाहार देण्यात यावा.’ शेठजी नुसतं ‘दूध’ म्हणाले होते. ‘दुग्धाहार’ मी घातलं. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची ना मी, साधा शब्द मला पुरायचाच नाही.

तेव्हा मी नंदुरबारला होते, वय पंचविशीच्या आसपास, आणि डोकं कायम तापलेलं. आई म्हणायची, या पोरीला सासर कसं मिळायचं. सासर नाहीच मिळालं, मांजरं मिळाली, आणि माझी काही तक्रार नाही.

ती कशी मिळाली ते सांगते. आमच्या बाजारात मांजर कोणी मारत नसे. मांजर मारली तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते, हे लहान पोरालाही ठाऊक. मग वखारीत मांजरं फार झाली की गडी त्यांना पोत्यात भरायचे, तोंड सुतळीनं बांधायचे आणि बैलगाडीनं तापीच्या पलीकडच्या माळावर नेऊन सोडायचे. मारलं नाही म्हणजे पाप नाही. त्या माळावर ती जगतात की मरतात, हे बघायला कोणी थांबत नसे.

एकदा शाळेत जाताना माझ्या पुढच्या गाडीतलं पोतं म्याव म्याव करत होतं. मी भर रस्त्यात गाडी थांबवली आणि पोत्याची सुतळी दातांनी तोडली. पाच मांजरं उड्या मारून पसार झाली. गाडीवान बिचारा म्हणाला, “बाई, काय व्हयनं तुमले?” मी त्याला तिथेच जे काय सुनावलं, ते मुलींना शिकवण्यासारखं नव्हतं.

समोरच्या पेढीवर शेठजी बसले होते. मिरचीचे मोठे व्यापारी, आणि म्हाताऱ्या बैलांचं नि भाकड गाईंचं पांजरपोळही तेच चालवायचे. रोज सकाळी मुंग्यांच्या वारुळावर साखर टाकल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत, आणि चालताना नजर पायाखाली. संध्याकाळी त्यांचं बोलावणं आलं. “बेन,” ते म्हणाले, “तुमचा राग फुकट जातोय. तो कामाला लावू या.” चार व्यापारी, शेठजी आणि मी मिळून मांजरांसाठी मंडळ निघालं. मला चिटणीस केलं, कारण लिहिण्याचा बाकी सगळ्यांना कंटाळा.

पहिल्याच सभेत शेठजींनी कल्पना मांडली. मांजर उंदीर मारते ती भुकेपोटी. तिला पोटभर दूध मिळालं तर ती कशाला हिंसा करेल? तेव्हा सगळ्या मांजरांना पांजरपोळात आणायचं आणि दूध पाजायचं. पोत्यातून हाकलणं बंद, मांजर वाचली. आणि उंदीरही वाचला. एका दगडात, म्हणजे दगड न मारता, दोन जीव वाचणार होते. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता मी शेतकऱ्याच्या घरची. आमच्या खळ्यातली मांजर ताकभात खाऊन टम्म झाली तरी उंदीर पकडून आणायची आणि आईच्या पायाशी ठेवायची. हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण पाच मोठी माणसं गादीवर बसून, मी काय बोलते ते कान देऊन ऐकत होती. असं आधी कधी घडलं नव्हतं. माझे पाय जमिनीवर नव्हते. मीही मान डोलावली, आणि ठराव लिहून काढला.

मांजरं पकडायचं कामही मीच अंगावर घेतलं. शाळा सुटली की पोतं घेऊन निघायचे. वखारीतली सोपी होती. पथाऱ्यांवरची महा बेरकी. पथारी म्हणजे मिरची वाळवायची मोकळी जागा. गावाबाहेर निघालं की नजर पोचेल तिथवर नुसती लाल मिरची पसरलेली, आणि नाकाडोळ्यांतून पाणी. मांजरं त्या मिरचीवर कधी पाय टाकत नसत. कडेकडेनं, बांधावरून, पोत्यांच्या थप्पीवरून जात. मी मात्र ठसकत, शिंकत त्यांच्यामागे. देठ खुडत बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्यांच्यात एक धडगावकडची बाई होती. डोंगरातली माणसं मिरचीच्या हंगामात खाली यायची, पथारीच्या कडेला ताडपत्रीचं छप्पर ठोकून तीन-चार महिने राहायची. हिच्या कडेवर चार-पाच महिन्यांचं पोर. छपराच्या दोन खांबांना लुगड्याची झोळी बांधून ते तिच्यात टाकायचं आणि दिवसभर दोन्ही हातांनी मिरची खुडायची. झोळीखाली एक मांजर बसलेली असे. करड्या रंगाची, शेपूट अर्ध्यातून तुटलेली. सगळे तिला बांडी म्हणत. बाई जेवायला बसली की सुकटीची डोकी आधी बांडीला टाकायची.

मी पोतं घेऊन गेले, तेव्हा तिने हातातली मिरची खाली ठेवली. तिची घरची पावरी बोली मला समजायची नाही, म्हणून ती बाजारातली मोडकी अहिराणी बोलायची, आणि बोलायची सगळ्यांशी एकेरीत.

“तिले कोठे ली जाई ऱ्हायनी?”

मी भूतदया सांगितली. पांजरपोळ सांगितलं, दूध सांगितलं. उंदरालाही जीव असतो हे सांगितलं. तिने सगळं ऐकलं.

“नको ली जाऊ,” ती म्हणाली. “उंदीर येतस आठे. पोऱ्या झोपस.”

मी काय केलं? “काही होत नाही गं,” म्हटलं. शाळेत पोरींना म्हणते तशाच आवाजात. आणि बांडीला मानेला धरून पोत्यात घातलं. बांडीनं माझ्या मनगटावर असा पंजा मारला, की तो वण अजून आहे.  बाई परत मिरची हातात घेऊन खुडायला लागली. तेवढ्यावर मला वाटलं, पटलं तिला.

पांजरपोळात गाईंच्या गोठ्यामागे एक कोंदट खोली होती. आठवड्याभरात तिच्यात तीसेक मांजरं कोंबली. शेठजी स्वतः यायचे, धोतराचा सोगा सावरून उकिडवे बसायचे आणि वाटी पुढे सरकवायचे. “पी बेटा, पी.” पहिले दोन दिवस मांजरांनी दूध चाटून पुसून प्यायलं. शेठजींचा आनंद गगनात मावेना. तिसऱ्या दिवसापासून हगवण लागली. एकीची दुसरीला, दुसरीची तिसरीला. शिवाय भांडणं. जन्मभर ज्यांनी एकमेकींची हद्द ओलांडली नाही, त्या तीस मांजरी एका खोलीत. खोलीचं दार उघडलं की मला कोरडे उमासे यायचे.

ढोरांच्या दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलावलं. जाडजूड माणूस, बैलाच्या तोंडात हात घालायची सवय, बोलणंही तसंच. त्यांनी दारातूनच बघितलं. “मांजरवाल्या बाई,” ते म्हणाले, “तुम्ही मंडळी मांजरीला गाय समजलात. आता खड्डे खणायला माणूस बघा.”

माणूस कुठला बघायचा? मीच खणले. एक, दोन, मग एका दिवसात तीन. त्यात एक पांढरं पिल्लू होतं, ते मला बघून उगाच शेपटी ताठ करायचं. त्याला पुरताना मी रडले. रडताना रागही येत होता, आणि तो काढायला कोणी सापडत नव्हतं. शेठजी लांब उभे राहून नाव जपत होते. “बेन, आयुष्य संपलं की कोण काय करणार?” म्हणाले. ते ऐकून माझ्या अंगाची लाहीलाही झाली, पण तोंड उघडायची सोय नव्हती. ठराव कोणाच्या अक्षरातला होता?

बांडी दूधही पीत नव्हती. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची. वाटी सरकवली तर बघायचीही नाही.

एका दुपारी शाळेच्या मधल्या सुट्टीत फाटकाशी ती डोंगरातली बाई उभी दिसली. पोर कडेवर. मी जवळ गेले, तर पोराच्या डाव्या पायाला चिंधी गुंडाळलेली, आणि चिंधीवर काळं पडलेलं रक्त.

“मन्ही मांजर दे, बाई.”

पहाटे जरा डोळा लागला तेवढ्यात उंदरानं झोळीत शिरून पोराच्या अंगठ्याचं टोक कुरतडलं होतं. दवाखान्यातून सुई टोचून आणली होती. बांडी नेल्यापासून ती रोज झोळी हातात धरून बसायची, मिरची एका हातानं खुडायची. आता मुकादमानं बजावलं होतं, दोन हातांनी काम होत नसेल तर जागा रिकामी कर. मांजर मिळाली तर ती राहणार होती. नाही तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं डोंगरात परत, हंगाम अर्ध्यावर टाकून. वर्षभराच्या मीठ-कपड्याची सोय त्या हंगामावर होती. हे तिने सांगितलं ते काही न रडता, न ओरडता. मी पोराच्या पायाला हात लावायला गेले, तर तिने पाय पदराखाली घेतला.

 मी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, वर्ग सोडते आहे, काय ती शिक्षा करा. आणि त्या बाईला घेऊन सरळ पांजरपोळात गेले.

शेठजी तिथेच होते. मी म्हटलं, “ही मांजर तिची आहे. देऊन टाकू या.”

“बेन, ठराव झालाय.”

“मीच लिहिलाय. मीच खोडते.”

“आपण मांजर सोडायची, ती उंदीर मारणार. ते पाप मंडळाच्या माथी. जाणूनबुजून कसं करू?” त्यांचा आवाज मुळीच चढला नाही. त्या माणसाला खरोखरच भीती वाटत होती, ते मला दिसत होतं, आणि म्हणूनच माझं डोकं आणखी फिरलं. मी तोंडाला येईल ते बोलले. तुमची दया गादीवर बसून सुचलेली आहे, म्हटलं. तुमच्या नातवाच्या पाळण्यात उंदीर शिरला असता तर तुम्ही त्याला साखर टाकली असती का, म्हटलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला. 

आमचं हे चाललेलं असताना ती बाई आमच्याकडे बघतही नव्हती. ती खोलीत गेली, बांडीपुढे बसली, कमरेला खोचलेली पुरचुंडी सोडली. सुकट. पांजरपोळाच्या आवारात सुकटीचा वास. शेठजींनी उपरणं नाकाला लावलं. इतके दिवस भिंतीकडे तोंड करून बसलेली बांडी आधी नाक हलवू लागली, मग वळली. उठताना तिचे मागचे पाय लटपटत होते. पण तिने एक डोकं उचललं, कुरकुर चावलं. मग दुसरं. मग बाईच्या गुडघ्याला अंग घासलं.

पोर कडेवरून खाली वाकून मांजरीकडे हात करत होतं, आणि त्या गडबडीत पायाची चिंधी सुटली. अंगठा उघडा पडला. शेठजींनी तो पाहिला. उपरणं नाकावरून खाली आलं. कितीतरी वेळ ते त्या एवढ्याशा पायाकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या वेळी तिथे मिरची नव्हती.

“बेन,” शेठजी म्हणाले, “मंडळ मासळी आणणार नाही.”

“नका आणू,” मी म्हटलं.

“पण मंडळ मांजर कोंडणारही नाही. ज्याची आहे त्याच्याकडे जाऊ दे. ती तिथे काय खाते, ते आपण विचारायला जायचं नाही.” मग बाईकडे वळून हात जोडले. “माफ कर, मा.” तिने नुसती मान हलवली, बांडीला काखेत मारलं आणि चालायला लागली. मी तिच्या मागोमाग.

पथारीवर पोचल्याबरोबर बांडी तिच्या काखेतून निसटली आणि पोत्यांच्या थप्पीत गडप. माझा जीव टांगणीला. एवढं करून पळाली तर? बाईला काही नाही. झोळीत पोर टाकलं आणि मिरचीपुढे बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधी जाऊन पाहिलं, तर ती दोन्ही हातांनी खुडत होती. झोळीखाली बांडी बसलेली, पुढ्यात एक भलामोठा उंदीर, आणि चेहरा असा, की जणू ठराव तिनेच केला होता. बाईनं मला पाहिलं. हसली नाही. गाडीनं गेली नव्हती, तेवढं मला पुरे होतं.

आमचं मंडळ त्यानंतर कुठे कामाला लागलं. मी नवी वही केली. कोणती मांजर कुठल्या वखारीत, कुठल्या पथारीवर, आणि तिच्याकडे बघणारं माणूस कोण, एवढंच तिच्यात. मांजर आपल्या जागी राहायची, आम्ही तिच्याकडे जायचं. पाण्याच्या कुंड्या मंडळाच्या. आजारी असेल तर डॉक्टर. डॉक्टरांनी बोक्यांचं खच्चीकरण सुरू केलं. बोक्याचं डोकं नि पुढचे पाय पोत्यात, मागचा भाग बाहेर, आणि पोतं आवळून धरायला मी. शेठजी बाहेर डोळे मिटून बसायचे आणि विचारायचे, “झालं का?” जास्तीची पिल्लं कळसाडीकडच्या शेतकऱ्यांनी आनंदानं नेली, त्यांना कपाशीच्या कोठारात हवीच होती. पोतं भरून तापीपार न्यायचं हळूहळू थांबलं. ज्या व्यापाऱ्याच्या वखारीतल्या थैल्या शाबूत राहिल्या, तो दुसऱ्याला सांगू लागला. आमच्या भाषणांचा त्यात काही हात नाही.

हंगाम संपला. बाई छप्पर उतरवत होती. बांडी तिथेच राहणार होती, दर वर्षी राहायचीच. मी म्हटलं, “मी बघेन हिच्याकडे, तू येईपर्यंत.” तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “तुन्ही मर्जी,” म्हणाली, पोर पाठीला बांधलं आणि निघाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, पथारी मोकळी झाली की सुकटीची डोकी टाकायला कोणी उरत नाही. उंदीरही पोत्यांमागोमाग गावात जातात. पुढचे आठ महिने या मांजरांनी काय खायचं? वहीत त्याला जागाच नव्हती. आमच्या घरात मासळी शिजत नसे. तरी मी आठवडे बाजारात नाकाला पदर लावून सुकटवालीपुढे उभी राहिले. ती म्हणाली, “बाई, वाट चुकली का?” मग तर दर आठवड्याला. माझ्या पिशवीला वास, वह्यांना वास. पोरी पुढच्या बाकावर बसायला कुरकुरायच्या. आईनं माझी पिशवी घरात घेऊ दिली नाही, बाहेर खुंटीला टांगायला लावली. शेठजी समोरून दिसले की रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जायचे, आणि तिकडून हाक मारायचे, “बेन, जेवल्या का आज सगळ्या?” पावसाळ्यात पथारीवर गुडघाभर चिखल. मी तो तुडवत जायचे, आणि बांडी पडक्या खोपटाच्या वळचणीवरून उतरून यायची. मला अंग मात्र घासायची नाही. तीही काही विसरली नव्हती.

दिवाळी झाली. मिरचीच्या गाड्या यायला लागल्या, छपरं उभी राहिली. धडगावकडच्या बायका आल्या, ती आली नाही. मी एक-दोघींना विचारलं, त्यांचं गाव वेगळं, त्यांना माहीत नव्हतं. मला रोज तो अंगठा दिसायचा. पिकला असेल का? पोर आहे ना? शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा.

आठ-दहा दिवसांनी शाळा सुटल्यावर मी पथारीवर गेले, तर ती जुन्या जागी खांब रोवत होती. पोर तिच्या लुगड्याला धरून उभं. मला पाहून दोन पावलं टाकली आणि धपकन बसलं.

“बाई,” ती म्हणाली, “मन्ही मांजर कोठे शे?”

मी तोंडानं चक् चक् केलं. बांडी थप्पीवरून उतरली. मला ओलांडून सरळ तिच्याकडे गेली, पाठ वर करून. तिला बांडीला दोन्ही हातांनी उचलून घ्यायचं होतं, आणि पोर तर पायाशी लोंबकळत होतं. तिने इकडे-तिकडे पाहिलं. मग पोर उचललं आणि माझ्या हातात दिलं.

जड होतं. अंगाला धुराचा वास. मी त्याला कडेवर घेतलं आणि त्याचं डावं पाऊल हातात धरलं. अंगठ्याचं टोक नव्हतं, कातडी भरून आली होती. मी तिथे अंगठा फिरवला, तर त्याला गुदगुल्या झाल्या. त्याच्या आईनं मांजरीच्या अंगावरून मान वर करून आमच्याकडे बघितलं, आणि पोर परत मागितलं नाही.